खण आणि खाण

२६ ऑगस्ट २०२२ च्या संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर जमिनीत गेलं. पायाखालची भुई हादरते आहे हे घरातल्या माणसांना वेळेत कळलं, ती बाहेर पळाली आणि वाचली. थोड्याच वेळात छप्पर, भिंती आणि आतला सगळा संसार त्यांच्या डोळ्यांदेखत ६०-७० फूट खोल खड्ड्यात उतरला. वस्तीच्या खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती. त्यानंतर आसपासच्या शंभराहून अधिक कुटुंबांना तिथून हलवावं लागलं.

पडलेल्या घराची निदान माती राहते. जळालेल्या घराचे कोळपलेले खांब राहतात, वाहून गेलेल्या घराचा चौथरा राहतो. या घराचं काहीच राहिलं नाही. ते काही जुना वाडा नव्हतं. कष्टकऱ्यांच्या वस्तीतलं साधं घर होतं, त्याला कोणी वारसा म्हटलं नसतं. तरीही जुन्या राहत्या घरांच्या जतनाविषयी लिहायचं तर मला त्या खड्ड्याच्या काठावरूनच सुरुवात करावीशी वाटते. आपल्याकडे जतनाचा कायदा आहे, खातं आहे, निळे फलक आहेत. पण माणूस ज्यात राहतो ते घर या सगळ्याच्या नजरेतच येत नाही. जुनं घर येत नाही, नवं घरही येत नाही, आणि घराखालची जमीन तर नाहीच नाही. राहत्या घरातला वारसा हा राहणाऱ्यासकटच राखता येतो, आणि राहणाऱ्याला बाजूला ठेवून केलेलं जतन आपल्याला फक्त रिकाम्या भिंती देतं, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

आपली भाषा घर मोजते खणांनी. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण. ‘दोन खणी घर’, ‘पाच खणी वाडा’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला घराचा ऐसपैसपणा लगेच कळतो. भिंत हा नुसता आडोसा. खरा भार खांबांवर, खांबांवरच्या तुळईवर, आमच्याकडच्या बोलीत मयालीवर. म्हणून जुन्या घराची भिंत ढासळली तरी छप्पर उभं राहतं आणि पावसाळ्यानंतर घरधनी भिंत पुन्हा घालतो. भूमिगत खाणीचं गणितही याच जातीचं आहे. कोळशाचेच खांब राखून ठेवायचे आणि त्यांच्यामधला कोळसा काढायचा, ही तिथली जुनी पद्धत. खांब शाबूत राहिले, रिकाम्या जागेत वाळू नीट भरली, तर वरची जमीन टिकते. खांब काढले, झिजले, पाण्यात राहून खचले, तर वरचं सगळं खाली येतं. खण माणसाला आत घेण्यासाठी राखलेली पोकळी आहे. खाणीतली पोकळी काम झाल्यावर कोणाचीच नसते. घुग्घुसमध्ये ही दोन्ही एकावर एक आहेत, आणि वरच्या पोकळीचा हिशेब ठेवणारा कागद खालच्या पोकळीच्या कागदाला कधी भेटत नाही.

घुग्घुसपासून सुमारे २५ किलोमीटरवर चंद्रपूर. तिथे आपण काय राखलं आहे ते पाहू. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या नावाशी जोडलेला शहराचा दगडी कोट, त्याचे जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे, त्याच्या खिडक्या. बिरशहाची देखणी समाधी आणि अंचलेश्वराचं देऊळ, जिथे बिरशहाच्या राणीचं, हिराईचं नाव अजून आदराने घेतलं जातं. ही आपली खरी श्रीमंती आहे. २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी हातात कुदळ-फावडी घेऊन या कोटावरची झाडोरा-मातीची अनेक वर्षांची साठण कित्येक दिवस उपसली. त्या श्रमांना दाद द्यावी तेवढी थोडी आहे.

पण कोट कशासाठी असतो? आतल्या घरांसाठी. गोंड राजांनी हा कोट रिकाम्या मैदानाभोवती घातला नव्हता. त्याच्या आत सरदार, कारकून, विणकर, कोष्टी, तेली, सुतार, कुंभार यांची वस्ती होती. आज कोट संरक्षित आहे आणि ज्यांच्यासाठी तो उभारला त्या घरांची साधी यादीसुद्धा आपल्याकडे नाही. खुद्द राजवाड्याची जागा जिल्हा कारागृहाच्या भिंतींआड गेली. त्याच कारागृहाच्या आवारात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांविरुद्ध लढलेल्या वीर बाबूराव शेडमाके यांना फाशी दिलं गेलं, आणि दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे नतमस्तक व्हायला जातात. राजाचं राहतं घरही आपल्या स्मरणात उरलं ते तुरुंग म्हणून आणि वधस्थान म्हणून.

हे आपोआप घडलेलं नाही. १९०४ च्या प्राचीन स्मारक कायद्यापासून आपल्याकडे जतनाची एक नजर ठरून गेली आहे. लेणी, देवळं, मशिदी, किल्ले, समाध्या आणि छत्र्या तिला दिसतात. दगडाचं, राजाचं, देवाचं आणि मेलेल्याचं ते स्मारक. जुन्या गॅझेटियरात भांदक, देवाळा यांच्याबरोबर घुग्घुसच्याही लेण्यांची नोंद आहे. घुग्घुसमधल्या एकाही घराबद्दल तशी आस्था मला कुठे दिसली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कायदा आला. त्याने वयाची अट १०० वर्षांची ठेवली आणि ‘राष्ट्रीय महत्त्व’ ही कसोटी लावली. देशभरातली सुमारे ३,७०० स्मारकं आज या कायद्याखाली केंद्राच्या देखरेखीत आहेत. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा. दोन्हींची भाषा स्मारकाची आहे. घर मात्र आधी निवास असतं. त्यात कोणी राहायचं थांबल्यावरच ते स्मारक व्हायला लायक ठरतं.

२०१० च्या दुरुस्तीने ही विसंगती अधिकच उघडी पडली. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी, असा नियम झाला. १०० मीटरच्या आतल्या जुन्या घराची दुरुस्ती करायची तरी परवानगी लागते, आणि ते घर १६ जून १९९२ पूर्वीचं असल्याचं दाखवावं लागतं. एकाकी देवळासाठी हा नियम समजण्यासारखा आहे. पण चंद्रपूरसारख्या शहरात स्मारक म्हणजे शहराला वेढणारी मैलोगणती भिंत. तिच्या दोन्ही अंगांना दाट वस्ती. म्हणजे कोटाच्या आश्रयाने पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाचं घर कायद्याच्या लेखी स्मारकाला असलेला धोका ठरलं. त्याला कवेलू फेरायचे तरी मनात धास्ती. परवानगीचा कागद मिळवण्यापेक्षा घर खचू देणं सोपं, असं त्याला वाटलं तर दोष कोणाला द्यायचा? कोट वाचवणाऱ्या कायद्याने कोटाच्या आतलं घर वाचवण्याची एकही तरतूद केली नाही.

या घरात वाचवण्यासारखं आहे तरी काय? आमच्या भागातलं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. गावाची जमीन दोन रंगांची: काळी आणि पांढरी. काळीत पीक, पांढरीत वस्ती. पांढरी पांढरी होते ती घरांमुळेच. शेकडो वर्षं मातीची घरं उभी राहतात, विरघळतात, त्यांच्यावर नवी उभी राहतात, चुलीची राख आणि शेणमाती मिसळत जाते आणि गावाखाली टेकाड तयार होतं. पुरातत्त्वाचे अभ्यासक महाराष्ट्रात जुनी वसाहत शोधायला निघाले की आधी गावकऱ्यांना विचारतात, पांढरीचं टेकाड कुठे आहे? आपल्या सामान्य माणसाच्या घरांचा सर्वांत जुना दस्तऐवज हाच आहे. घुग्घुसने या दोन रंगांत तिसरा मिसळला, कोळशाचा काळा. काळ्या सोन्याचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे. पांढरीचा भाव कोणी काढलेला नाही.

त्या पांढरीवर मालगुजाराचा वाडा असे आणि त्याच्या आजूबाजूला कुळांची, बलुतेदारांची, गोंडांची घरं. वाड्याला दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती ओसरी, पुढे सपरी, मागे माजघर, देवघर, धान्याची कोठी, मागच्या अंगाला सांदवाडी आणि गुरांचा कोठा. गोंडाचं घर लहान, पण हिशेबात कुठेच कमी नाही. लाकडी मेढी, त्यांच्यामध्ये बांबूचा कूड, कुडाला दोन्ही बाजूंनी मातीचा गिलावा, वर उतरतं कवेलूंचं छप्पर, अंगण शेणाने सारवलेलं. हे सगळं साहित्य कोसभराच्या आतलं: जंगलातलं सागवान आणि बांबू, तळ्याकाठची माती, कुंभाराच्या भट्टीतले कवेलू. चंद्रपूरचा उन्हाळा पाऱ्याला ४५ अंशांच्या वर नेतो. त्या उन्हात मातीची जाड भिंत दुपारची तलखी संध्याकाळपर्यंत अडवून धरते, उंच छपराखालची पाटई उष्णतेचा मार स्वतःवर घेते, चौकातून रात्रीची गार हवा घरभर फिरते. सिमेंटच्या स्लॅबखाली कूलरशिवाय रात्र काढता न येणाऱ्या माणसाला या घरातली विद्या कोणी वेगळी समजावून सांगायला नको. ती विद्या कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नाही. ती खणांमध्ये, उतारांत, भिंतीच्या जाडीत आणि सुताराच्या हातात आहे. घर गेलं की ती जाते.

आणि घर जातं ते एका दिवसात नाही. मध्य प्रांतातली मालगुजारी १९५१ मध्ये संपली. ते न्याय्यच होतं. पण वाड्याला पोसणारं उत्पन्न थांबलं आणि त्याजागी दुसरी काही सोय आली नाही. शहरांतल्या वाड्यांत भाडेकरू आले. विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश पन्नास वर्षं चालला. भाडं गोठलं, मग दुरुस्तीही गोठली. पुढच्या पिढीत वाटण्या झाल्या: एका चौकाचे चार मालक, एका मयालीखाली दोन चुली, आणि गळक्या पन्हाळीचा खर्च कोणी करायचा यावर कोर्टकज्जे. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात; इथे वासेच विकायला निघाले. शंभर-दीडशे वर्षं मुरलेल्या सागवानाला बाजारात भाव उत्तम मिळतो. कोरीव खांब दिवाणखान्यांत आणि हॉटेलांत जातात, उरलेली माती पाया भरायला. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी बल्लारपूरहून आलापल्लीचं सागवान वाजतगाजत रवाना झालं, तेव्हा जिल्ह्याची मान उंचावली. हेच लाकूड इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या उभं होतं, त्याला निरोप द्यायला कोणी जमलं नव्हतं.

त्यात घुग्घुसच्या पट्ट्याचं स्वतःचं दुखणं. १९५७ च्या कायद्याने कोळसा असलेली जमीन सरकारला संपादित करता येते. संपादनात घराची किंमत निघते ती त्याच्या साहित्याची आणि वयाची. घर जितकं जुनं तितकी घसारा-कपात मोठी. म्हणजे वारशाच्या दृष्टीने जे घर सर्वांत मोलाचं, ते मोबदल्याच्या तक्त्यात सर्वांत स्वस्त. गाव उठतं, पांढरी उकरली जाते, आणि तिथे काय होतं याचा एक नकाशाही मागे राहत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. हे वाडे कोणाचे होते? मालगुजारांचे, सावकारांचे, सरदारांचे. त्यांच्या उंबऱ्यापर्यंत कोणी यायचं आणि उंबरा कोणी ओलांडायचा हे जात ठरवत होती. माजघराच्या अंधारात विधवांची आयुष्यं गेली, वेठीला आलेला माणूस सपरीच्या खालीच बसला. ते सगळं राखून आपण कोणाचा अभिमान मिरवणार आहोत?

मला वाटतं, हा आक्षेप जतनाच्या विरोधात नसून त्याच्याच बाजूचा आहे. अन्यायाचा नकाशा घरात कोरलेला असतो. पाणवठा कुठे, कोणाचं दार कुठे, कोणत्या खोलीला खिडकी नाही, हे भिंतीच सांगतात. पुण्यात गंज पेठेतला महात्मा फुल्यांचा वाडा आज संरक्षित आहे. ते काही पेशव्याचं घर नव्हे. साधा ओटा, साधं आंगण. पण १८६८ मध्ये जोतिरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला तो तिथे. त्या घराच्या जागेवर नुसता पुतळा असता तर ही गोष्ट आपण वाचली असती, पण त्या आंगणाचा लहानसा आकार, हौद घरापासून किती जवळ होता, म्हणजे ते किती धाडसाचं होतं, हे पावलांनी कळलं नसतं. त्याच शहरात भिडे वाड्याचं उलटं झालं. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतिरावांनी मुलींची शाळा सुरू केली ती तिथे. कोर्टकज्ज्यांत दशकं गेली, वाडा मोडकळीला आला आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडण्यात आला. स्मारक होईल, भव्य होईल. पण मुली ज्या पायऱ्या चढून गेल्या त्या पायऱ्या वेळेत दुरुस्त केल्या असत्या तर वेगळं स्मारक लागलंच नसतं.

मग जुना वाडा टिकतो कशामुळे? याचं उत्तर पुण्याचाच विश्रामबागवाडा देतो. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये बांधलेला हा वाडा पेशवाई बुडाल्यावर नाहीसा व्हायला हवा होता. तो उभा आहे, कारण तो वापरात राहिला. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा निघाली, जिच्यातून पुढे डेक्कन कॉलेज घडलं. नंतर नगरपालिकेची कचेरीही तिथे होती. १८७९ च्या आगीतूनही तो सावरला. नागपूरच्या भोसल्यांचा लाकडी कोरीवकामाने नटलेला राजवाडा मात्र १८६४ मध्ये जळाला तो गेलाच. आग दोघांनाही लागली. एकात रोजची ये-जा होती, दुसऱ्याच्या मागे सत्ता उरली नव्हती. ज्या वास्तूची रोज कोणाला तरी गरज असते, तीच पुन्हा उभी केली जाते.

जगात जिथे राहती घरं वाचली तिथेही हेच दिसतं. इंग्लंडने १९४७ च्या नगरनियोजन कायद्यापासून वास्तूंची यादी करायला घेतली. आज त्या यादीत सुमारे पावणेचार लाख नोंदी आहेत, आणि त्यांत असंख्य घरं अशी की लोक त्यांत राहतात, स्वयंपाक करतात, ती विकतात, विकत घेतात. नेदरलँड्समध्ये १९१८ मध्ये स्थापन झालेली हेंड्रिक दे केयसर संस्था जुनी घरं विकत घेते, दुरुस्त करते आणि पुन्हा राहायला भाड्याने देते. अशी ४०० हून अधिक घरं तिच्याकडे आहेत. तिकडचं सगळं इथे आणता येणार नाही, आणायचंही नाही. पण राहणारा माणूस हा वारशाचा शत्रू नसून राखणदार आहे, एवढं त्यांना केव्हाच उमगलं ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

दुसरा आक्षेप गरिबाच्या बाजूने येतो, आणि तो पहिल्याहून बोचरा आहे. ज्याच्या घरात पावसाळ्यात पाणी येतं, त्याला कवेलूंचं सौंदर्य सांगणारे तुम्ही कोण? त्याला पक्कं घर हवं आहे आणि तो त्याचा हक्क आहे. मला हे पूर्ण मान्य आहे. प्रश्न ‘पक्कं’ या शब्दाच्या अर्थाचा आहे. सरकारी कागदात मातीच्या भिंतीचं घर म्हणजे कच्चं. घरकुलाचे पैसे मिळवायचे तर जुनं मोडून सिमेंटचं बांधणं हा सरळ मार्ग. जुन्या घराचा पाया दगडाने बांधून घ्यायला, भिंतीला ओल लागू नये म्हणून जोतं उंचवायला, वाळवी लागलेला खांब बदलायला तोच पैसा मिळत नाही. गरिबापुढे पर्याय एकच ठेवायचा आणि त्याने तो निवडला की ‘लोकांनाच जुनं नको’ म्हणायचं, हा न्याय नव्हे. माती टिकत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला जाऊन यावं. १९३६ पासूनच्या माती, बांबू आणि कवेलूंच्या त्या कुट्या अजून उभ्या आहेत. कोणती जादू नाही त्यात. दरवर्षीची निगा आहे. सारवण, कवेलू फेरणी, मोडलेलं बदलणं. मातीचं घर निगेवर जगतं, आणि निगा राहणाराच करू शकतो.

मग करायचं काय? पहिलं काम मोजणीचं. गावठाणाला सातबारा नसतो, म्हणून घरांची नोंद कायम अंधारात राहिली. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघत आहेत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर मातीचं की दगड-विटांचं, हे करासाठी लिहिलेलंच असतं. त्यात घराचं अंदाजे वय आणि बांधणीचा प्रकार असे दोन रकाने वाढवायला नवा कायदा लागत नाही. इथल्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींना एका सुट्टीत हे काम देता येईल.

दुसरं, दुरुस्तीला अनुदान. घरकुलाच्या रकमेचा काही भाग जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी खुला करावा आणि पक्क्या घराची व्याख्या साहित्यावरून नव्हे, सुरक्षिततेवरून ठरवावी. जुनी सुतारकी, कुडाचं काम, कवेलू भाजणं या हातांना मजुरी मिळाली तर विद्या आपोआप पुढे जाईल. कोटालगतच्या जुन्या घरांच्या दुरुस्तीची परवानगी जिल्ह्यातच आणि ठरावीक मुदतीत मिळावी.

तिसरं काम खाणपट्ट्याचं. गाव उठवण्याआधी त्यातल्या प्रत्येक जुन्या घराचे मोजमापासह आराखडे, छायाचित्रं आणि राहणाऱ्यांच्या आठवणी नोंदवणं हे संपादनाची अट म्हणून बंधनकारक व्हावं. जुन्या घराच्या मोबदल्यात घसारा कापू नये. आणि वस्तीखालच्या जुन्या खाणींचे नकाशे नगर परिषदेत, ग्रामपंचायतीत, सगळ्यांना पाहता येतील असे लावलेले असावेत. आपल्या घराखाली काय आहे हे कळण्याचा हक्क हा वारशाचाच भाग आहे, कारण जमीनच नाही तर वारसा उभा कशावर राहणार?

अमराईतली जी कुटुंबं हलवली गेली, त्यांना कुठेतरी छप्पर मिळतं, भाडं मिळतं, आश्वासन मिळतं. पण घर बांधण्याचं जे ज्ञान आजोबांनी बापाला आणि बापाने मुलाला दिलं, ते कोणत्याही पुनर्वसनाच्या यादीत नाही. जुनं घर राखायचं म्हणतो तेव्हा मला हेच राखायचं आहे. आपल्या भाषेत घर मोजायला खण हा शब्द अजून जिवंत आहे. त्या शब्दामागचे खांब उभे राहावेत, त्यांच्यामधल्या जागेत माणसं असावीत, आणि त्या माणसांच्या पायाखाली भरीव जमीन असावी.